बोलता येईल इतक्याच वेगाचा मोर्चा

आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामगार आणि युनियनचे घोषणा देणारे. मी वाचायला शिकले तीच 'कामगार बंधू-भगिनींनो' यावर. त्यामुळे पप्पांना हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसल्यावर, तपासणीच्या वेळी हॉस्पिटलने संशोधनात सहभागी होता का विचारलं, तेव्हा मी ताडकन उठले.

"माझे वडील म्हणजे प्रयोगातला उंदीर नाही!"

"नाहीच," फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाली. "उंदराला आम्ही विचारत नाही."

हृदयरुग्ण देखरेखीखाली एकत्र चालले, तर घरी एकट्याने चालणाऱ्यांपेक्षा जास्त सावरतात का, एवढंच बघायचं होतं. कोण कुठल्या गटात, हे कॉम्प्युटर ठरवणार. त्यात वशिला चालत नाही हे ऐकून पप्पांनी मान डोलावली. ते एकत्र चालणाऱ्यांत आले.

मला काळजी वेगळीच होती. ज्यांचा आवाज माइकशिवाय गेटपासून कॅन्टीनपर्यंत जायचा, ते आता छातीवर हात ठेवून बसायचे आणि पाणीसुद्धा खुणेने मागायचे. दिवाळीनंतर कंत्राटी कामगारांचा मोर्चा होता. दरवेळी पुढे पप्पा. या वेळी त्यांनी सांगून टाकलं, "दुसरं कुणीतरी बघा."

हॉस्पिटलच्या मैदानावर पहिल्या दिवशी ताईने नियम सांगितला, "चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं जमलं म्हणजे तुम्ही रमतगमत चाललाय. बोलता येईना, तर वेग कमी करा. छातीत दुखलं, तर लगेच थांबा."

बाकीचे कांद्याचे भाव आणि जावई यांवर सुरू झाले. पप्पा गप्प.

"काका, बोला ना. मला कसं कळणार?"

"काय बोलू? चालताना आम्ही गप्पा नाय मारत."

खरंच होतं. पप्पा आयुष्यभर चालले ते मोर्चात, आणि चालताना बोलले ते एकच. शेवटी अगदी हळू म्हणाले, "कामगार एकजुटीचा..."

मागे मखमलाबादचे फुलशेतीवाले काका होते, बायपास झालेले. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "विजय असो!"

ताईने पप्पांचा चेहरा बघितला, नाडी बघितली. "चालेल. हेही बोलणंच आहे."

मग रोज तेच. पप्पा अर्धी घोषणा द्यायचे, बाकीचे पुरी करायचे, तेवढ्यात पप्पा श्वास घ्यायचे. ही मधली जागा लोकांसाठी असते, असं मी समजत आले होते. ती घोषणा देणाऱ्याच्या छातीसाठीही असते, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पुढे मागण्याही आल्या. "गोळ्या वेळेवर..." "घेतल्याच पाहिजेत!" "लोणच्याची बरणी..." "परत द्या, परत द्या!"

"ती मागणी फेटाळली," आई मैदानाच्या कडेवरून म्हणायची. "मिठाचं आधी बघा."

मोर्चाच्या आधी पप्पांनी स्वतःहून विचारलं, "ताई, जाऊ का?" तिने डॉक्टरांना विचारलं. उत्तर आलं ते अटींसकट: पाणी जवळ, जिभेखाली ठेवायची गोळी लेकीच्या खिशात, आणि वेग मैदानावरचाच. सगळ्या अटी मी बिनविरोध मान्य केल्या. आमच्या घराण्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

गोल्फ क्लब मैदानावरून मोर्चा निघाला आणि पप्पा पुढे असल्यामुळे अख्खा मोर्चा हृदयरुग्णाच्या वेगाने चालू लागला. तरणी पोरं मागून ढकलाढकली करत होती. पप्पा ढिम्म. शेवटी एक हवालदार धावत आला.

"काका, भरभर चला की! पार सीबीएस स्टँडपर्यंत गाड्या तुंबल्यात."

"डॉक्टरांनी सांगितलंय. चालताना बोलता आलं पाहिजे."

"मग बोलू नका ना!"

पप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं पूर्वी मॅनेजरकडे बघायचे. इतके दिवस छातीवर असलेला हात वर गेला आणि त्यांनी अर्धी घोषणा दिली. खिशातली गोळी मुठीत धरून मी बाकीची अर्धी दिली, होता नव्हता तेवढा जोर लावून. पप्पांना सावकाश श्वास घेता यावा, म्हणून जरा लांबवूनच.