हुरड्याला आलेलं एकटं रान

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय कुणालाच नाही, त्यामुळे प्रवासाबद्दल लिहायला बसलो याचा मला संकोच वाटतो. त्यात हा प्रवास आपल्याच जिल्ह्यातला, शिर्डीहून मिरजगावपर्यंतचा. वाचणाऱ्यांनी माझ्याहून कितीतरी जास्त पाहिलं असेल. तरी सांगावंसं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

शिर्डीत आमचं फुलांचं छोटं दुकान आहे. शेती नाही. आप्पा वडिलांचे जुने मित्र, एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी आणली की वडिलांशी गप्पा मारत बसायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिरजगावबाहेर दहा गुंठे जमीन घेतली, केवळ हौस म्हणून. माझी परीक्षा संपल्याचं कळताच त्यांचा फोन आला, "ये चार दिस. पाखरं राखाया मानूस पायजे."

नगरला गाडी बदलून दुपारी मिरजगावला उतरलो. हायवेवर चहा घेतला आणि कच्च्या रस्त्याने चालू लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं पांढरी, दाणे टणक. मध्येच एक हिरवट तुकडा दिसला आणि त्यावर पाखरांचा ढग. माळ्यावर (चार खांबांवर बांधलेल्या बैठकीवर) उभे राहून आप्पा पत्र्याचा डबा बडवत होते.

बांधापलीकडून एक बाई हसत ओरडल्या, "ओ डायवर, आख्ख्या शिवाराला जेवान सांगितलंय व्हय?"

"तुमालाच ऱ्हायलंय सांगायचं!" आप्पा वरून म्हणाले.

या शेजारच्या इंदूबाई. सगळ्यांची ज्वारी वाळत आली आणि आप्पांची आत्ता कुठे हुरड्याला, म्हणजे कोवळ्या दाण्यांवर, आली होती, हे त्यांनीच मला समजावलं. मऊ दाणा एका याच रानात, मग पाखरं दुसरीकडे कशाला जातील?

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीसमोर आप्पांनी चूल पेटवली. बाजरीची भाकरी, स्वतःच्या वांग्यांचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. एवढं चवीचं जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो. मी भीतभीत विचारलं, "आप्पा, पेरायला उशीर का झाला?"

"तुझ्या काकूची वाट बघत हुतो. म्हनलं, पयली मूठ तिच्या हातनं पडावी. आलीच न्हाई."

काकू नगरला मुलाकडे राहतात. त्या पाथर्डीकडच्या. आई-वडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे लहानपण फडावरच्या कोपीत (पाचटाच्या झोपडीत) गेलं. लग्नानंतर त्यांनी रानात पाऊल ठेवलं नव्हतं. आप्पांनी नोकरीभर गाडीच्या काचेतून रानं पाहिली, आणि कधीतरी खाली उतरावं असं त्यांना वाटत राहिलं. काकूंना मात्र रानाचं नाव नको होतं. आता कशाबशा त्या तयार झाल्या होत्या. रविवारी येऊन हुरडा खाणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार.

"हुरडाच न्हाई ऱ्हायला तर तिला काय दावू? पत्रा?" आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मी माळ्यावर. आप्पांनी गोफण शिकवली. माझा पहिलाच दगड मागे गेला आणि पाण्याचा माठ फुटला. मी घाबरून खाली पाहिलं.

"पाखरं म्होरं हायेत, लेका!" आप्पा पोट धरून हसत होते. "मागं आमी ऱ्हातो!"

गंमत वाटत होती, पण दुपारपर्यंत घसा बसला. या कोपऱ्यातून उठवलेला थवा त्या कोपऱ्यात बसे. तिसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त कणसं मोकळी झाली होती. इंदूबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. या वेळी हसल्या नाहीत.

"समदं राखाया जाल तर कायबी हाती लागायचं न्हाई, भाऊ. येक कोपरा धरा."

 आप्पा खोलीत गेले आणि स्वतःची मच्छरदाणी घेऊन आले. विहिरीकडच्या कोपऱ्यातल्या ज्वारीच्या दाट ताटांवर आम्ही ती पसरली, कडा खाली ओढून बांधल्या. इंदूबाईंनी त्यांच्या घरची जुनी आणून दिली. बाकीचं रान पाखरांना सोडलं. त्या संध्याकाळी ओरडायचं काम नव्हतं. आम्ही माळ्यावर निवांत बसून पाखरांची जेवणं पाहिली. आप्पा म्हणाले, "खाऊ दे. ती तरी न बोलवता आल्यात." रात्रभर डासांनी आम्हाला फोडून काढलं, तरी सकाळी आप्पा शीळ घालत चूल पेटवत होते.

शनिवारी मला निघावं लागलं. दुकानावर गर्दी असते. आप्पांनी पिशवीत वांगी भरून दिली.

घरी आल्यावर आईने त्या वांग्यांची भाजी केली. वडिलांनी विचारलं, "शेतात काय शिकलास?" मी गोफणीचं सांगितलं. राबण्याशिवायही मातीत पाय ठेवता येतो, हे मला नवं होतं. पण ज्यांचं लहानपण राबण्यात गेलं त्यांना ते कुणी आणि कसं सांगायचं?

रविवार गेला. सोमवारीही आप्पांचा फोन लागला नाही. मंगळवारी हार ओवत असताना त्यांचाच आला.

"काकू आल्या होत्या?"

"आली. हुरडा खाल्ला. मंग रानातनं येक फेरा मारला अन् म्हनली, वांग्याला पानी लई देताय."

"आणि संध्याकाळी परत गेल्या?"

"गेली." आप्पा म्हणाले. "येक जुनी साडी ठिवून गेलीय खुंटीला. म्हनली, ऱ्हाऊ दे हितंच, चिखलात नेसाया हुईल."