दिवेवाला हरिदास

हरिदास बहरीनच्या विमानतळावर धावपट्टीचे दिवे सांभाळतो. आज एकवीस वर्षं. उन्हाळ्यात डांबर बुटांतून तळपाय भाजतं, काचांवर सारखी वाळू बसते, पण याचा एक दिवा विझलेला कोणी दाखवावा! डोळ्यांत तेल घालून काम. अभिमान होता हो त्याला, आणि का नसावा?

मुलगा उज्ज्वल लहान असताना तो त्याला कुंपणाशी न्यायचा. "पायलट झालास ना, की एकच ध्यानात ठेव. बाकी सगळं दगा देईल, दिवे देणार नाहीत. नजर दिव्यांवर!" पोरगं खरंच पायलट झालं. कॅनडाच्या उत्तरेला चार-सहा माणसांचं चिमुकलं विमान चालवायचं. उड्डाणाआधी फोन करायचं, आणि बाप तेच बजावायचा. "हो बाबा, नजर दिव्यांवर," म्हणून हसायचं.

गेल्या जानेवारीत, रात्री, बर्फात उतरताना ते विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. उज्ज्वल गेला. खलास. विमानात एकटाच होता, एवढीच काय ती मेहेरबानी.

तेव्हापासून बहरीनमधल्या हूरा वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत इंदुबाईचा एकच धोशा, "अहो, पोराची चूक नव्हती ना?" हरिदास म्हणायचा, "चौकशीचा रिपोर्ट येऊ दे." त्याचा स्वतःचा जीवही तिथंच टांगलेला. इंजिन बिघडलेलं असू दे, पंखांवर बर्फ धरलेला असू दे, पण चूक पोराची नको.

रिपोर्ट परवा आला. ऑफिसातल्या विनीतने वाचून अर्थ सांगितला. इंजिन ठीक. पंख स्वच्छ. दिवे लख्ख. पण खाली नुसतं बर्फाचं रान, ना घर ना रस्ता. अशा काळोखात दिवेच फसवतात. आपण फार उंच आहोत असं वाटतं आणि माणूस विमान खाली खाली आणतो. म्हणून उंचीचा काटा बघायचा असतो.

"शेवटचं दीड मिनिट त्याने काटा बघितलाच नसावा, काका. नुसता दिव्यांकडे बघत आला."

हरिदासने रिपोर्टची घडी घातली. पोराने बापाचं ऐकलं होतं. अगदी शेवटपर्यंत ऐकलं होतं.

घरी इंदुबाई दारातच उभी. "काय आलं?"

"दिवे बंद होते," तो म्हणाला. "तुझ्या लेकराची काही चूक नाही."

ती पोटभर रडली आणि मग उसळली. "त्या दिवेवाल्याचं वाटोळं होईल! माझं पोर खाल्लं मेल्यानं. सुखाचा घास मिळायचा नाही त्याला!"

"नाही मिळायचा," हरिदास म्हणाला, आणि शिफ्टला जायचे बूट पायात घालू लागला.