टायरचा प्रोग्राम ठेवायचा की टाकायचा

आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे दोन माणसं, मी आणि दादा. दादा माझ्याहून बरेच मोठे. मूळचे अमरावतीकडचे, तरुणपणी भोपाळला आले आणि इथलेच होऊन गेले; बोलणं मात्र तिकडचंच राहिलं. मी इथल्याच पिपलानीत वाढले. वडील कारखान्यात, त्यामुळे शाळा, सायकल, मैत्रिणी, सगळं टाउनशिपमध्येच. नोकरीला लागले तेव्हा कंपनीत एकही प्रोग्राम नव्हता. दादांनी आणि मी मिळून ते एकेक करून लिहिले. बिल्टीचा, म्हणजे ट्रकमधल्या मालाची पावती छापणारा. टायरांचा, कुठला टायर कुठल्या ट्रकला लावलाय ते सांगणारा. शिवाय ड्रायव्हरांच्या सुट्ट्या, गेस्ट हाउस आणि तक्रारी. सगळे एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच कंपनीच्या तयार सॉफ्टवेअरच्या आधाराने. तो तेव्हा बाजारात अगदी नवा होता आणि मीही.

आणि मग तो प्लॅटफॉर्म बनवणाऱ्यांचा मेल आला. भाषा फार गोड होती. अर्थ एवढाच, की आता आम्ही याची डागडुजी करणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वडिलांच्या खुर्चीवर ते नुकतेच बसले होते आणि त्यांना सगळं झटपट हवं असायचं.

“मॅडम, एक लाइन में बताइए. रखना है या बदलना है?”

“सर, एक महीना दीजिए.”

“एक लाइन के लिए एक महीना?” ते हसले, पण महिना दिला.

खरं तर माझं उत्तर ठरलेलं होतं. बदलायचं. अडचण दादांची होती. निवृत्तीला आलेला माणूस, स्वतःच्या हाताने लिहिलेलं सगळं, तो कसा तयार होणार? त्यांना दुखवायचं नाही म्हणून मी दोन दिवस मनातल्या मनात भाषण बसवलं. आमचं ऑफिस एम. पी. नगरमध्ये, खाली कोचिंग क्लास. क्लास सुटला की चहाच्या टपरीवर उभं राहायला जागा नसते, म्हणून जरा आधीच मी दादांना खाली नेलं आणि चाचरत विषय काढला.

माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, “बदलून टाक.”

“काय?”

“सगळंच्या सगळं. दिवाळीच्या सकाळी आंगाले उटणं लावून बसलो असतो, अन् फोन येते, प्रिंटर बिल्टी नाही काढून राहिला. पुरे झालं बाप्पा.”

मग माझ्या तोंडून जे निघालं त्याचं मलाच नवल वाटलं.

“पण दादा, टायरचा प्रोग्राम किती छान आहे!”

“छान हाय, मी कुठं नाही म्हणतो? म्हातारा झाला.”

वर जाताना जिन्यात त्यांनी हळूच सांगितलं, की गेले काही महिने ते घरी ऑनलाइन कोर्स करत होते. नव्या पद्धतीने प्रोग्राम कसे लिहायचे त्याचा. वहिनींना वाटत होतं की हे रोज संध्याकाळी लॅपटॉपवर क्रिकेट बघतात.

म्हणजे बदलायला दादा तयार, आणि पाय मागे घेणारी मी! हे पचवायला मला थोडा वेळ लागला.

कोणता प्रोग्राम खरोखर कोण वापरतं ते आधी पाहू, असं ठरलं. लोकांना विचारून उपयोग नसतो. सगळे म्हणतात, हो हो, रोज लागतो. मग दादांनी युक्ती काढली. एकेक गुपचूप बंद करायचा आणि कोण ओरडतं ते बघायचं. सुट्ट्यांचा बंद केला. कोणी हूं की चूं केलं नाही. चौकशी केली तर कळलं, ड्रायव्हर मंडळी कधीचीच व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सुट्टी मागतात आणि मॅनेजर तिथेच अंगठ्याचं चिन्ह टाकून मंजूर करतो. गेस्ट हाउसचा बंद केला. शांतता. तक्रारींचा बंद करण्याआधी मी आत डोकावले. शेवटची तक्रार “टेस्ट टेस्ट टेस्ट” अशी होती आणि ती मीच लिहिलेली होती. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. त्या प्रोग्रामसाठी मी एकदा माहेरचं लग्न बुडवलं होतं.

मग टायरचा बंद केला. चहा संपायच्या आत शहराबाहेर मंडीदीपला असलेल्या आमच्या वर्कशॉपमधून फोन आला. तिथले प्रमुख तावातावाने ओरडत होते, “मॅडम, टायर कहाँ गए?” जणू आम्ही ट्रकांखालून टायर काढून नेले होते.

प्रोग्राम लगेच सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माझ्या गाडीतून मंडीदीपला गेलो. प्रमुख अजून घुश्शातच होते. आम्हाला शेजारी उभं करून त्यांनी तो प्रोग्राम कसा वापरतात ते दाखवलं. हात ग्रीसने माखलेले, की-बोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर. नंबर दाबला, एंटर, पुन्हा एंटर, झालं. माउसला हात नाही. नजर स्क्रीनवर कमी आणि समोरच्या ट्रकवर जास्त.

“आप लोग नया लाओगे, तो उसमें दस जगह क्लिक करना पड़ेगा,” ते म्हणाले. “मैं ट्रक देखूँगा या क्लिक करूँगा?”

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! परतताना गाडीत मी जाहीरच करून टाकलं, “टायरचा प्रोग्राम राहील. जुन्या सर्व्हरवर, आहे तसा.”

“अन् तो सर्व्हर बसला तर?”

“तुम्ही आहात की.”

“मी किती दिवस हाय? मी गेल्यावर ते वर्कशॉपवाले तुले शिव्या देतील.”

“दादा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? आपण किती मेहनतीने लिहिलाय तो!”

“वाटते ना. म्हणून काय त्याले व्हेंटिलेटरवर ठेवू?”

आवाज चढले. मिसरोदच्या सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला काचेतून आमच्याकडे टकमक बघत होता. त्यानंतर आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. दादा डबा आपल्या टेबलावर एकटेच खायचे. मी घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “भांडण प्रोग्रामचं आहे की तुझं?” मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. तो प्रोग्राम गेला, की मी उमेदीची वर्षं कशात घालवली हे दाखवायला माझ्याकडे काही उरणार नव्हतं.

पुढच्या सोमवारी दादांनी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. नव्या पद्धतीने लिहिलेला टायरचा स्क्रीन. दिसायला वेगळा, पण नंबर, एंटर, एंटर. माउस लागतच नव्हता.

“कोर्सचा गृहपाठ समज,” ते म्हणाले. “चल, दाखवून येऊ.”

वर्कशॉपच्या प्रमुखांनी हातही न पुसता नंबर दाबला. दोन-चार टायर पाहिले. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “ये तो वही है. नया क्या किया?”

दादांचा चेहरा असा खुलला, की मीही मान डोलावली. झालं, ठरलं.

मालकांना मी एक ओळ सांगितली. तीन बंद, दोन नवे, टायरचा सगळ्यात शेवटी.

“बंद कर दिए? किससे पूछकर?”

“सर, बंद होने के बाद भी किसी ने नहीं पूछा.”

ते खो खो हसले आणि पुढची मीटिंग सुरू झाली.

बिल्टीचा नवा प्रोग्राम होळीच्या सुट्टीत चढवला. पहिल्या सकाळी छपाईत जोडाक्षरं फुटली. ग्वालियरचा “ग” पाय मोडून बाजूला पडला आणि “वालियर” वेगळं झालं. एका ड्रायव्हरने पावती उन्हात धरून वाचली आणि विचारलं, “मॅडम, ये वालियर किधर पड़ता है?” अख्खं बुकिंग काउंटर हसलं, त्यात मीही. दुपारच्या आत दुरुस्त झालं. टायरचा प्रोग्राम पावसाळ्याआधी हलला आणि त्याची कुणालाच दखल घ्यावीशी वाटली नाही.

जुना सर्व्हर बंद करायच्या दिवशी मी दादांना म्हटलं, “तुम्ही करा.” ते म्हणाले, “तू कर.” शेवटी मीच बटण दाबलं. रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी जाणवली ती शांतता. सर्व्हरच्या त्या खोलीत त्याच्या पंख्यांची इतकी घरघर होती हे मला कधी कळलंच नव्हतं.

आठवड्याभरात अकाउंट्समधल्या बायकांनी मालकांकडून ती खोली मागून घेतली. तिथला एसी ऑफिसातला सर्वांत चांगला आहे. आता दुपारी आम्ही सगळे तिथेच जेवतो. दादा आपल्या डब्यातली शेवभाजी मधोमध ठेवतात आणि नव्या कोर्सबद्दल इतकं बोलतात, की कुणीतरी त्यांना आठवण करून द्यावी लागते, “दादा, पोळी गार होतेय.”