कुदळ खड्ड्यात आहे

कुदळ खड्ड्यात ठेवून गेलं की दहा दिवस खड्डा तुमचा. कॅलिफोर्नियातल्या त्या नदीकाठी सोनं धुणाऱ्यांनी स्वतःच ठरवलेला हा नियम. हेझकाया टॉलिव्हरचा त्यावर भाबडा विश्वास होता.

मिसूरीत जन्मल्यापासून तो गुलाम. मालकानंच त्याला इथं आणलं. आठवडाभर मालकासाठी वाळू धुवायची, रविवारी स्वतःसाठी. तीन वर्षांच्या रविवारांतून त्यानं स्वतःला विकत घेतलं. त्यानंतर जगात त्याचं म्हणावं असं एवढंच होतं. हा खड्डा.

एका सोबत्याला मूठमाती द्यायला तो वरच्या छावणीत गेला. तिसऱ्या दिवशी परतला, तर खड्ड्यात दोघे गोरे गँट भाऊ. कुदळ नदीत.

"माझी कुदळ होती इथं."

"कुणी पाहिली?" थोरला म्हणाला.

"मी!" शेजारच्या खड्ड्यातून आंब्रोज ओरडला. "यांनीच फेकली."

"अरे वा! एका काळ्याला दुसरा काळा साक्षीदार!"

दोघे पोट धरून हसले. गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष कोर्टातही चालत नव्हती.

"काका, चल. वर दुसरी जागा बघू," आंब्रोज हेझकायाला म्हणाला.

"तिथूनही उठवतील. किती डोंगर चढू रे?"

हेझकाया कमरेएवढ्या पाण्यात शिरला. कुदळ शोधून काढली. खड्ड्यात उतरून ती रोवली आणि दांडा धरून बसला.

"कुदळ खड्ड्यात आहे," तो म्हणाला.

धाकट्यानं फावडं त्याच्या खांद्यात घातलं. मग बोटांवर. थोरल्यानं डोक्यात. हाडं मोडल्याचा आवाज आंब्रोजनं ऐकला. तो धावला, तर त्याच्या तोंडावर दगड बसला. तो उठेपर्यंत हेझकाया संपला होता. मोडलेली बोटं दांड्यावरच होती.

आंब्रोजनं निरोप धाडला. दुपारी वरच्या छावणीतून सोळा काळी माणसं आली. सगळ्यांच्या कमरेला पिस्तुलं. त्यांनी हेझकायाला त्याच्याच खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, वर कुदळ रोवली.

"दहा दिवस काय, दहा वर्षं राहील," आंब्रोज म्हणाला. त्याचे पुढचे दात गेले होते.

"मेलेल्याचा कसला हक्क?" काठावर उभ्या थोरल्या गँटनं पुढे येऊन दांड्याला हात घातला.

आंब्रोजनं शेजारच्याच्या कमरेचं पिस्तूल ओढून त्याच्या तळहातातून गोळी घातली. रक्त कुदळीवर उडालं.

"कुदळ पाहिलीस ना आता?"

गँट गुडघ्यांवर बसून किंचाळत होता.

"पाहिली," तो म्हणाला. "पाहिली."