बिशपांचं सर्क्युलर आणि माझी पायपेटी

"मास्तर, तुमची पायपेटी बंद करावी लागेल असं दिसतं," फादर म्हणाले. त्यांच्या हातात पुण्याहून आलेलं बिशपांचं सर्क्युलर होतं. बिशप म्हणजे आमच्या सगळ्या चर्चचे वरचे साहेब. त्यांच्याही वर रोम.

इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. सोलापूरच्या एका चर्चमध्ये मी म्युझिक मास्तर होतो. पायपेटी म्हणजे पायाने भाता मारून हवा भरायची आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मी सुरू झालो की गिरणीचा भोंगाही ऐकू येत नसे. याला मी कला समजत होतो, आणि पगारही त्याचाच होता.

रोमचं म्हणणं असं, की मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लोकांनी नुसती बघू नये. जुनं, साधं लॅटिन गायन सगळ्यांनी मिळून गावं. वाद्यांचा गोंगाट नको.

"पण पायपेटी गोंगाटात धरायची का?" मी विचारलं.

फादरांनी पुण्याला पत्र टाकलं. पुण्याने ते आणखी वर पाठवलं. पावसाळा उलटल्यावर उत्तर आलं: तिथल्या फादरांनीच ठरवावं.

"मला ठरवता आलं असतं तर विचारलं कशाला असतं?" फादरांनी कपाळाला हात लावला. "आता बिशपांचे सेक्रेटरी येतायत. त्यांना पेटी खटकली, तर तुमची नोकरी माझ्या हातात नाही."

घरात खाणारी तोंडं बरीच होती.

रविवारी सेक्रेटरींनी स्वतः मिस्सा केली. तेव्हा वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभं राहायची पद्धत होती. मी सगळ्यांच्या मागे. पहिला सूर दिला आणि माझं अवसानच गळालं. पाय थांबले ते थांबलेच. बोटं मात्र सवयीने नाचत राहिली.

आणि लोक गायला लागले. रेल्वेवाले, गिरणीतल्या बाया, सगळे. मीच शिकवलेलं गाणं मला पहिल्यांदा ऐकू आलं. फार गोड होतं. आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

बाहेर होटगी स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन फिलिप भेटला. "मास्तर, आज लई झ्याक झालं की! पेटी बिघडली व्हय?"

"गप रे!" मी म्हणालो. सेक्रेटरी मागेच उभे होते.

त्यांनी माझा हात हातात घेतला. "वाद्य असं हवं, मास्तर. असल्याचं जाणवतसुद्धा नाही!"

पुण्याहून पत्र आलं: पायपेटी राहावी, मास्तरही राहावेत. माझ्या वादनाचं एवढं कौतुक पुढे कधीच झालं नाही. शिवाय इतर चर्चचे मास्तर माझ्याकडे शिकायला पाठवायचं ठरलं. पहिले आले, त्यांना मी पेटीपुढे बसवलं आणि भात्यावरचे पाय खाली घ्यायला सांगितले.