चौकोन, वर्तुळे आणि शेटगावकर बाई

दुपारी दोन वाजता, जेवून आडव्या झालेल्या गोवेकराला फोन करणाऱ्या माणसाचा हेतू चांगला असू शकत नाही, असे माझे जुने मत आहे. या गौरवग्रंथाच्या समितीने मला सलग तीन दुपारी, नेमका डोळा लागताना फोन केला. तिसऱ्या दिवशी मी लेख कबूल केला, तो प्रा. इंदुमती शेटगावकर यांच्याविषयीच्या आदराने की झोपेच्या काळजीने, हे समितीने तपासू नये. बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणतात. त्यावरही माझा चटकन विश्वास बसला नाही.

बाईंची आणि माझी ओळख परस्पर संशयातून झाली. बी.एस्सी.ला जेनेटिक्स घेतलेले आम्ही सात जण. घरच्यांना वाटे, हा डॉक्टरकीचाच काहीतरी प्रकार असावा. प्रत्यक्षात आम्ही रवा-गुळाची लापशी शिजवून बाटल्यांत भरत होतो आणि तिच्यावर माश्या वाढवत होतो. लाल डोळ्यांच्या किती, तपकिरी डोळ्यांच्या किती, ते मोजायचे. माझ्या बाटलीत सगळ्याच तपकिरी. मी आकडे घरी बसून बनवतो, असा बाईंना संशय. त्या मला नापास करायला टपल्या आहेत, असा मला. शेवटी त्यांनी मला शेजारी बसवून मोजायला लावले. पुन्हा सगळ्या तपकिरी. बाई रागावल्या नाहीत.

"सुहास, मुळगावची माती कसल्या रंगाची?"

"लाल."

"दिसते, की ऐकलंय?"

मी मुळगावचा, खाणीच्या धुळीत वाढलेला. मी ऐकले होते.

लाल-हिरव्यातला फरक न कळणे मुलाला आईकडून येते आणि आईला ते तिच्या वडिलांकडून आलेले असू शकते, हे बाईंनी समजावले आणि आजोळची वंशाकृती काढून आणायला सांगितली. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, रंग न कळणाऱ्याचा आकार आतून भरायचा, सगळी भावंडे एका ओळीत.

आजोळ पेडण्याकडचे. मामांनी माझा कागद उलटसुलट पाहिला.

"कोणी धाडलो तुका?"

"कॉलेजातल्या टिचरनी."

"टिचर खंयची?"

"पेडण्याचीच."

मामांनी चष्मा काढला. पोर्तुगीज गेले तरी त्यांचा वारसा कायदा इथेच राहिला. त्यात मुलगी मुलाइतकीच वारस, आणि जमीन विकायची तर सगळ्यांच्या सह्या. भावाबहिणींना एका ओळीत बसवणारा कागद मामांनी आजवर फक्त कोर्टात पाहिला होता.

"भयणीक वाटो जाय तर तिणें तोंडान मागचो. पोराच्या हातीं चित्रां कित्याक धाडटा? चवथीक येवंक नाका म्हणून सांग तिका."

चवथीचा दुसरा दिवस आई माहेरच्या गणपतीपुढे काढी. वर्षात तिचा म्हणावा असा तेवढाच दिवस. तो माझ्या कागदाने घालवला. 

मी बाईंकडे गेलो ते विषय बदलून मागायला. बाईंनी रविवारी पेडण्याची बस धरली आणि मला बरोबर घेतले. मामांनी कॉफी दिली आणि लेखी मागितले. बाईंनी कागद काढला. मामांनी मजकूर सांगितला: सदर आकृतीतील चौकोन व वर्तुळे यांस आमच्या घरात, बागायतीत व विहिरीत कसलाही हक्क नाही. मग भावंडांची नावे. स्वतःचे, धाकट्या मामाचे, माझ्या आईचे. मामा थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "कुसुमचेंय घाल. तिचोच भरवसो ना, वाटो मागूंक येतली."

कुसुममावशी दोडामार्गच्या एका ट्रकवाल्याशी लग्न करून गेली होती. त्या दिवसापासून त्या घरात तिचे नाव कोणी घेत नसे. हक्क नाकारण्यापुरते मामांना ते घ्यावे लागले. बाईंनी मान वर न करता ते लिहिले. दुसऱ्या दिवशी कॉलेजचा शिक्का मारून कागद पाठवला. मामांनी तो जमिनीच्या दस्तऐवजांच्या ट्रंकेत ठेवला, आणि आई चवथीला गेली.

जाण्याआधी तिने मला बजावले, "वहीत कुसुमचें नाव घालू नाका. भावान परत दार लावन घेतलां जाल्यार हांव खंय वचू?" आईचे माहेर पुन्हा तुटू नये म्हणून मी तीनच भावंडे काढली. चार नावे ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती, त्यांच्याच पुढे वही ठेवली.

"तीनच?" बाईंनी विचारले.

"तीनच."

त्यांनी गुण पूर्ण दिले आणि खाली लिहिले: अपूर्ण. सवडीने द्यावे.

पुढे ट्रकचा परवाना काढण्याआधी डिचोली-पेडण्याची कितीतरी मुले बाईंकडे लाल-हिरवे कळते का, ते तपासून घ्यायला येत. रविवारी, त्यांच्या घरी, बाहेरच्या बाकावर. फुकटच्या चांगुलपणावर माझा विश्वास नाही. यात बाईंचा फायदा कुठे होता, ते मी तीस वर्षे शोधतो आहे. अजून हाती काही लागलेले नाही.

मामा गेले, आई गेली. अडवणारे कोणी उरले नाही, तरी मी दोडामार्गला गेलो नव्हतो. याला भीती म्हणत नाहीत. गेल्या महिन्यात गेलो. मावशीने दार अर्धेच उघडले.

"कोण तू? मतां मागूंक आयलो?"

मी आईचे नाव सांगितले.

"भावान धाडलो?"

"मामा गेले, मावशी."

"मागीर बस." तिने दार पूर्ण उघडले.

मी कागद काढला. आजोबांचा चौकोन, त्याखाली ओळ. तिने वाकून पाहिले. "माका खंय घालतलो?"

"आईच्या शेजारी, शेवटी."

"शेवटाक कित्याक? हांव मदली. मदीं घाल."

जागा नव्हती. नवा कागद घेतला. तिचा थोरला मुलगा माझ्यासारखाच निघाला. त्याचा चौकोन भरून काढला.

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि वह्या तपासायला लागणारी नजर शेवटपर्यंत शाबूत राहो. ही इच्छा निःस्वार्थी नाही. लेखासोबतच्या बंद पाकिटात एक कागद आहे. तो छापायचा नाही, बाईंच्या हाती द्यायचा आहे. खाली नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक घातला आहे.