अढीतला केक

जळगाव शहरात आजवर घरोघरी जेवढे केक बसले, फसले, करपले किंवा भांड्याचा तळ असा घट्ट धरून राहिले की उलथन्यानंही हलले नाहीत, त्यांतले निम्मे तरी माझ्या मामेसासऱ्यांच्या हातचे आहेत, असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. छातीठोकपणे हा शब्द मी जपून वापरतोय. त्यांतले बरेचसे मी स्वतः खाल्ले आहेत आणि छातीवर दोन थापा मारल्याशिवाय ते खाली उतरत नसत.

मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मूळ धुळ्याकडचे, पण चाळीस वर्षं जळगावात नशिराबादच्या रस्त्याला केळीची वखार चालवली. बागेतून आलेली हिरवीगार केळी बंद खोलीत रचायची, गोणपाटानं झाकून अढी लावायची आणि नेमकी पिवळी झाली की बाजारात धाडायची, हा धंदा. केळं तयार झालं की नाही हे मामा अंगठ्यानं दाबून सांगत आणि त्या अंगठ्याचा शब्द बाजारात शेवटचा असे. पुढे वखार मुलानं हाती घेतली, मामा मेहरूणच्या घरी बसले, पण अंगठा काही निवृत्त झाला नाही. ते उशी दाबून बघत, भाजीवाल्याचे टोमॅटो दाबून बघत, एकदा तर डॉक्टर त्यांचं पोट दाबून तपासत असताना यांनी डॉक्टरांचा दंड दाबून बघितला. माणसांनाही ते तीनच शेरे देत: कच्चा, पिकला आणि गेला. नात्यातल्या एका लग्नात नवरदेवाला आहेर देऊन खाली उतरले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगा चांगला आहे जावईबापू, पण आणखी दोन वर्षं अढीत ठेवायला पाहिजे होता."

अशा माणसानं वयाच्या सत्तरीत केक करायला घेतले. आयुष्यात ज्यानं कधी स्वतःचा चहा केला नाही, दूध उतू गेलं तर गॅस बंद करायचा की दुधावर फुंकर मारायची याचा ज्याला निर्णय होत नसे, तो माणूस एके दिवशी मोबाईल भिंतीला टेकवून मैदा चाळायला उभा राहिला. मोबाईलमध्ये एक हसतमुख बाई भराभर केक करून दाखवत असे आणि मामा तिच्याशी मोठ्यांदा भांडत असत. "अगं बाई, थांब जरा! माझा सोडा अजून पुडीतच आहे!" बाई थांबत नसे. आवाज एवढा मोठा असे की शेजारपाजारच्या बायका आपापल्या घरात बसून तोच केक करत, आणि त्यांचा बरा होई. पहिला केक कुकरात झाला. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची असते, हे बाईनं सांगितलं होतं, पण नेमके तेव्हा मामा तिला ओरडत होते. तो केक आम्ही नंतर छताकडे बघूनच ओळखला. त्यानंतर मुलानं छोटा ओव्हन आणून दिला. ओव्हनला काचेचं दार असतं ते आत बघायला, हे मामांना मान्य नव्हतं. "बघून काय कळतं? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," असं म्हणत ते दर पाच मिनिटांनी दार उघडून अंगठा दाबत. साहजिकच केक बसे. त्या घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक केकवर मधोमध एक खड्डा असायचा, आणि तो बघून आमच्या गल्लीत कुणीही सांगू शकत असे की हा माल कुणाकडचा.

केळ्याचा केक तरी त्यांना सहज जमेल, असं आम्हाला वाटलं होतं. पण मोबाईलमधल्या बाईनं साल काळी पडलेली, मऊ झालेली केळी घ्यायला सांगितली आणि मामा संतापून उठले. "ज्या केळ्याला मी चाळीस वर्षं वखारीच्या दारात उभं केलं नाही, ते मी घरच्यांच्या पोटात घालू? हिला कुणीतरी गेलेला माल गळ्यात मारलेला दिसतो." त्यांनी स्वतः वखारीत जाऊन एकसारखी, डाग नसलेली, ताठ केळी निवडून आणली. ती कुस्करेनात, म्हणून किसली. तो केक दिसायला देखणा होता, पण चवीला कच्च्या केळ्याच्या भाजीत चुकून साखर पडावी तसा लागला. बाईचं म्हणणं बरोबर होतं हे मामांनी अजूनही कबूल केलेलं नाही.

पण सगळ्यांवर कडी केली ती रव्याच्या केकनं. हा केक बाहेरून लालसर आणि आतून अगदीच ओला राहिला. दुसऱ्या कुणी तो परत ओव्हनमध्ये सारला असता. मामांनी अंगठा दाबला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "कच्चा आहे. काही बिघडलं नाही. दोन दिवस अढीत घालू." आम्हाला वाटलं थट्टा करताहेत. त्यांनी कोठीच्या खोलीत लाकडी खोकं मांडलं, त्यात पेंढा पसरला, कागदात गुंडाळून केक निजवला, वर गोणपाट घातलं आणि शेजारी दोन पिकलेली केळी ठेवली, कारण पिकलेल्याच्या संगतीत कच्चं लवकर पिकतं. खोलीचं दार लावलं आणि कुणी उघडायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला ऑफिसला निघता निघता बोलावून घेतलं. गोणपाट उचललं तर केकवर हिरवट लव आलेली, आणि मेहरूणमधल्या सगळ्या मुंग्या कुटुंबासह हजर. मामांनी तरीही अंगठा दाबला. अंगठा पेरापर्यंत आत गेला. तो पुसत ते खऱ्याखुऱ्या दुःखानं म्हणाले, "गेला. चूक आपली आहे जावईबापू. पिकला होता तो. काल काढायला पाहिजे होता."

चाखायचं काम माझ्याकडे होतं. बाहेरच्या जगात जावयाचे पाय धुतात, त्याला मानाचा टॉवेल-टोपी देतात. आमच्याकडे त्याला केक देत. मामांचा हिशेब साधा होता: भाची तोंडावर सांगेल, मुलगा पळून जाईल, जावई मात्र भिडेला बांधलेला असतो. ताटली पुढे ठेवून ते माझ्या तोंडाकडे असे बघत बसत की घास अडकायचा तो आणखी अडके. खोटं बोलायचं नाही आणि मनही दुखवायचं नाही, म्हणून मी काही वाक्यं तयार करून ठेवली होती. "असा केक मी आजवर खाल्ला नव्हता." "एक तुकडाच पुरतो." पण मामांच्या डोळ्यांतली आशा बघितली की ही वाक्यं अपुरी पडत आणि मी सरळ म्हणून टाके, "छान झालाय मामा." अशा वेळी मामी बाहेरच्या खोलीतून उठून दारापर्यंत येत, आधी माझं तोंड बघत, मग ताटली बघत आणि परत जाऊन गहू निवडत बसत. त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसत. स्वयंपाकाला एक बाई येत असे. मला वाटायचं, नवऱ्यानं चालवलेली मैद्याची नासाडी त्यांना बघवत नसावी.

खरं काय ते मला मामांनीच सांगितलं. एका संध्याकाळी आम्ही मेहरूण तलावाला फेरी मारत होतो आणि मी सहज विचारलं, "मामा, हा केकचा नाद कशापायी?" ते थोडं चालले आणि म्हणाले, "केकात चाखायचं काम नसतं. मोजलं की झालं. मला जमलं, तर तिला तर डोळे मिटून जमेल."

मग मला सगळी गोष्ट कळली. मामींच्या हातची खापरावरची पुरणपोळी, म्हणजे आमच्याकडचे मांडे, खायला धुळ्याहून माणसं येत. उलट्या घातलेल्या मडक्याएवढ्या खापरावर त्या हातानं फिरवत वाढवलेली पोळी अशी अलगद टाकत की बघणाऱ्यानं श्वास रोखावा. करोनाच्या तापात मामींचं नाक आणि जीभ दोन्ही गेली. ताप उतरला, ती दोन्ही परत आली नाहीत. तरी पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला लेकी-भाच्या माहेरी येतात म्हणून, त्यांनी पंचवीस माणसांचा स्वयंपाक अंदाजानं केला. पुरणाबरोबरच्या रशीत, म्हणजे तिखट आमटीत, मीठ दोनदा पडलं. त्या पंगतीला मी होतो. मला चांगलं आठवतं, पहिल्या घोटाला सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग जो तो "मामी, झकास!" म्हणायला लागला. मी तर वाटी पुन्हा पुढे केली. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं मला तेव्हा वाटलं होतं. दुपारी मामींनी बघितलं, पाण्याचे दोन्ही माठ कोरडे. त्यांनी मिठाची बरणी बघितली आणि मामांना विचारलं, रशी कशी होती? मामा म्हणाले, चांगली होती. त्या दिवसापासून मामींनी चुलीला हात लावला नाही. तीन वर्षं झाली होती. हे ऐकल्यावर मला माझ्या त्या दुसऱ्या वाटीची मनापासून लाज वाटली.

यंदाच्या आखाजीच्या आदल्या दिवशी मामांनी शेवटचा डाव टाकला: पुरणाचा केक. डाळ काट्यावर तोलली, गूळ तोलला, वेलदोडे मोजून घेतले. मामी दाराशी येऊन उभ्या होत्या. मी घास घेतला. डाळ कचकचीत होती, गोडाचा पत्ता नव्हता, आणि सोडा इतका की जिभेला झिणझिण्या आल्या. मामा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "वा! छान झालाय."

"खरं सांगा, जवाईबापू," मामी म्हणाल्या.

"खरंच छान."

मामींनी मान डोलावली, लहान मुलाचं बोलणं ऐकून घ्यावं तशी, आणि त्या वळल्या.

"थांब," मामा म्हणाले. घरात दोघं अहिराणीच बोलत. "तो खोटं बोली राह्यना. केक वाईट शे. सोडा कडू लागस." मग ताटलीकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "आनि ती रशीबी खारी व्हती. मी तुले चांगली सांगं. खोटं सांगं."

मामी तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"कितली खारी?" त्यांनी विचारलं.

"तोंडमा घालताच डोयामा पानी उनं."

"मंग तवय का नही सांगं?"

"तू सकायपासून राबनी व्हती. तुनं तोंड देखीसन हिंमत नही व्हयनी."

मामी वळल्या. त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज खणखणीत होता. "जीभ गई ते गई. मी काय तान्हं पोर शे का, बठ्ठा लोक मिळीसन मन्हं मन राखाले? तुम्ही खरं सांगतात, तं तुमनी जीभवर मी सैपाक करी लेती." आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आनि ह्या जवाईबापूंन्या तं दोन वाट्या व्हत्या!"

आधी मामा हसले, मग मामी. मीही हसलो, पण कान तापले होते ते तापलेच. तेवढ्यात मामींनी उंबरा ओलांडला, केकचं भांडं मामांच्या हातातून काढून घेतलं आणि उरलेली डाळ बोटांत चुरून म्हणाल्या, "ही शिजनीच नही. ह्याले डोकं लागस, काटा नही."

दुसऱ्या दिवशी आखाजीला त्या सकाळीच स्वयंपाकघरात होत्या. तीन वर्षांनी खापर चढलं. पहिला मांडा फाटला, दुसरा वाकडा पडला, तिसऱ्यापासून हात आपोआप चालायला लागले. पुरण होत आलं तशी त्यांनी पळी मामांपुढे धरली. "सांगा."

"गूळ कमी शे."

"कितला?"

"मूठभर."

"कोनी मूठ? मन्ही का तुमनी?" आणि त्यांनी स्वतःच्या मुठीनं गूळ घातला. त्या दिवशी रशीत मीठ थोडं कमीच होतं, मामांनी तसं पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं, आणि मामी समाधानानं मिठाची बरणी घेऊन आल्या. केक अजून होतात. ते वाईट असले की मी वाईट आहेत म्हणतो. मामा मला आता पूर्वीइतकं मानत नाहीत.

पण माझ्या मनात राहिलंय ते त्या सकाळचं. वेलदोड्याची पूड घातल्यावर मामी सवयीनं पातेल्यावर वाकल्या आणि त्यांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला, जन्मभर घेत आल्या होत्या तसा. काहीच आलं नसणार. त्यांनी डोळे उघडून मामांकडे बघितलं.

"वास कसा उना?"

मामा वाकले. बराच वेळ वाकून राहिले. वासाला काय म्हणायचं ते त्यांना सुचत नव्हतं, आणि आता खोटं बोलायचं नव्हतं.

"तुले आठवस ना," ते म्हणाले, "तसाच शे."

"तसाच?"

"तसाच."

मामी पुन्हा डोळे मिटून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी गॅस बारीक केला.